कवकमूळ: समास कोणता?

'पांढरी मुळी चालली पाहिजे,' असं शेतकरी म्हणतात. त्यासाठी कृषी सेवा केंद्रात 'व्हॅम' किंवा 'मायकोरायझा' मागतात.

मायकोरायझा हा शब्द जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बेर्ट फ्रांक यांनी १८८५ साली घडवला. ट्रफल या जमिनीखालच्या महागड्या अळंबीची लागवड जमेल का, हे शोधायचं काम प्रशियाच्या सरकारनं त्यांना दिलं होतं. शोधताना त्यांना दिसलं, की झाडांच्या कोवळ्या मुळांना बुरशीनं वेढलंय, तरी झाडं ठणठणीत आहेत. ग्रीकमध्ये मायकेस म्हणजे बुरशी, रायझा म्हणजे मूळ.

मराठीत आपण 'कवकमूळ' म्हणतो. कवक हा शब्द जुना. मनुस्मृतीनं लसूण-कांद्याच्या पंगतीला बसवून कवक खाणं निषिद्ध ठरवलं होतं. विज्ञानानं या शब्दाला पुन्हा मान दिला, याचा मला आनंद आहे. पण समास कोणता? 'कवकाचे मूळ' हा तत्पुरुष चालणार नाही, कारण बुरशीला मूळ नसतं. 'कवक आणि मूळ' म्हटलं तर दोघं वेगळीच राहतात; फ्रांक तर त्यांना मिळून एकच अवयव मानत. मला हा मीठभाकरीसारखा समाहार द्वंद्व वाटतो. मीठभाकर म्हटलं की चटणी-कांदाही आलाच. तसं कवकमुळात माती, पाणी, स्फुरद सगळं येतं.

स्फुरद मातीत जागचा फारसा हलत नाही. मुळाजवळचा संपला की बुरशीचे तंतू दूर जाऊन तो आणतात. बदल्यात झाड आपल्या साखरेचा पाचव्या हिश्शापर्यंतचा वाटा देतं.

शतावरी, अश्वगंधेत हे नातं आणखी आत जातं. बुरशी मुळाच्या पेशीत शिरून फांद्या फोडते. लॅटिनमध्ये चिमुकल्या झाडाला आर्बुस्क्युला म्हणतात. 'व्हॅम' (VAM) या मायकोरायझाच्या नावातला 'ए' तिथून आला. झाडाची वाढ सुधारू शकते, शिवाय औषधी द्रव्यंही बदलू शकतात. सब्जाच्याच जातीच्या इटालियन तुळशीवर तीन बुरश्या वापरून पाहिल्या, तेव्हा पानांतल्या सुगंधी तेलावर परिणाम दिसला, पण तिन्हींचा सारखा नव्हे. म्हणजे कोणती बुरशी, हे महत्त्वाचं.

शतावरीला शतमुळी असंही नाव आहे. ते ठेवणाऱ्यांनी डोळ्यांना दिसणाऱ्या मुळ्या पाहिल्या. पेशींतली ती झाडं सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. आणि वाफ्यात व्हॅम घालून वर सुपर फॉस्फेट भरमसाट ओतलं, तर तीही विरळ होतात. स्फुरद आयता मिळाल्यावर शतावरी साखर कशाला देईल? समासाचा विग्रह तिथं मातीतच होतो.