वाळूच्या गाळणीवरील साय

एल्ब नदीच्या कांठीं हँबुर्ग आणि आल्टोना हीं दोन शहरें एकमेकांस इतकीं लागून होतीं कीं, एक कोठें संपलें व दुसरें कोठें सुरू झालें हें परक्या माणसास उमगत नसे. दोन्ही शहरें एल्बचेंच पाणी पीत. त्यांतही आल्टोनाचें दुर्दैव असें कीं, त्याचा उपसा हँबुर्गच्या खालच्या अंगास, म्हणजे त्या शहराचें मैलापाणी नदीस मिळाल्यानंतर होई. असें असूनही १८९२ च्या ऑगस्टांत पटकीची सांथ आली तेव्हां हँबुर्गांत सुमारें ८,६०० माणसें मेलीं, आणि आल्टोना बहुतांशीं वांचलें. सरहद्दीवरील एक मजूरवस्ती तर हँबुर्गच्या हद्दींत असूनही, केवळ नळ आल्टोनाचा म्हणून, सुटली.

आल्टोना १८५९ पासून पाणी वाळूंतून गाळून घेत असे. श्रीमंत हँबुर्ग नदीचें पाणी तसेंच नळांत सोडी. गाळणहौद बांधण्याचें काम तेथें चालू होतें खरें, पण त्यापूर्वीं वादांत वर्षें गेलीं होतीं. सांथीनें कांहीं वाट पाहिली नाहीं.

या हौदाची रचना साधी. तळाशीं गोटे, त्यावर खडी, तिच्यावर दोन-तीन फूट बारीक वाळू, आणि वाळूवर तुंबवून ठेवलेलें पाणी. परंतु पाणी निर्मळ होतें तें एकट्या वाळूनें नव्हे. कांहीं दिवसांत वाळूवर गाळाची व सूक्ष्म जीवांची एक बुळबुळीत साय धरते, आणि खरें काम तीच करते. गंमत अशी कीं, ही साय जसजशी जाड होते तसतसें पाणी उतरेनासें होतें. मग हौद उपसून, फावड्यानें वरचा अर्धा-पाऊण इंच थर खरवडून काढावा लागतो. म्हणजे जी वस्तु शहराचें रक्षण करते तीच मधून मधून काढून टाकावी लागते. आणि नवी साय धरेपर्यंतचें पाणी नळांत न सोडतां वाहूं द्यावें लागतें.

नेमकें येथेंच आल्टोना फसलें. त्याच हिवाळ्यांत आल्टोनांतही पटकीचे रोगी निघूं लागले. कलकत्त्याच्या तळ्यांत १८८४ सालीं पटकीचा जंतु शोधून काढणारे रॉबर्ट कॉख यांनीं चौकशी केली. गाळलेल्या पाण्यांतील जंतूंची संख्या एकाएकीं वाढली होती. कडाक्याच्या थंडींत उघडा हौद साफ करण्यासाठीं रिता केला असतां वाळूचा पृष्ठभागच गोठला, आणि तशाच वाळूवर पाणी सोडलें गेलें. गोठल्या जागीं पाणी उतरेना. उरलेल्या जागेंतून तें बेसुमार वेगानें, न गाळतांच गेलें.

कॉख यांनीं १८९३ सालीं सुचविलेले नियम अगदीं रोकडे आहेत. पाण्याचा वेग तासास १०० मिलिमीटरांहून अधिक नसावा. खरवडून खरवडून वाळू ३० सेंटिमीटरांखालीं जाऊं देऊं नये, तत्पूर्वीं नवी भरावी. प्रत्येक हौदाचें पाणी स्वतंत्रपणें रोज तपासावें, आणि घनसेंटिमीटरांत १०० हून अधिक जंतु आढळले तर तें पाणी शहरास देऊं नये. पूर्वीं सर्व हौदांचें पाणी एकत्र झाल्यावर तपासीत. त्यामुळें एका बिघडलेल्या हौदाचा दोष इतरांच्या चांगुलपणांत लपून जाई.

हँबुर्गचे काल्टेहोफे बेटावरील गाळणहौद १८९३ च्या मे महिन्यांत सुरू झाले. ते १९९० पर्यंत वापरांत होते. आतां तेथें संग्रहालय आहे.