बाळगोळी आणि मॉर्फिनची गोळी

आज एका गोळीची गोष्ट सांगायची आहे, आणि आमची एक चूकही.

आमच्या गटातल्या एका ताईंना गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झाला. डॉक्टरांनी दुखणं थांबायला मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या, दर चार तासांनी घ्यायला. भेटायला गेलो तेव्हा आम्हीच सांगून आलो, "ताई, ही अफूची गोळी. सवय लागेल. अगदीच सोसवेना तेव्हा घ्या." त्यांनी आमचं ऐकलं आणि कितीतरी रात्री कण्हत काढल्या.

ही भीती काही उगीच आलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या लेकराला अफूची बाळगोळी देऊन निजवायच्या. लेकराला सांभाळायला कोणी नसायचं, त्यांना काय बोल लावायचा! पण गोळीत अफू किती, हे कोणाला ठाऊक? बाळं दगावायची.

मॉर्फिनही अफूतूनच निघतं, पण ते मोजून देता येतं. १८०५च्या सुमारास जर्मनीत झेर्ट्युर्नर या तरुण औषधकाराने ते अफूपासून वेगळं काढलं.

आपल्याकडे १९८५ साली अमली पदार्थांचा कडक कायदा आला. नशेचा धंदा रोखायला तो हवाच होता. पण मॉर्फिन ठेवायचं तर परवान्यांवर परवाने, आणि चूक झाली तर तुरुंगाची धास्ती. दवाखान्यांनी, दुकानदारांनी ते ठेवणंच सोडलं. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. पीक आपल्या देशात, आणि आपलेच रोगी तळमळत!

वाट दाखवली केरळने. १९९३ साली कोझिकोडला डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सोबत्यांनी वेदनाशमनाचं काम सुरू केलं. पुढे तिथे गावोगावची साधी माणसं शिकून रोग्यांच्या घरी जाऊ लागली. कायदा सोपा व्हायला मात्र २०१४ साल उजाडलं.

डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून समजावलं. कॅन्सरच्या दुखण्यात ही गोळी घड्याळ बघून घ्यायची, दुखण्याची वाट बघायची नाही. शौचाला खडा होतो, म्हणून त्याचं औषध सोबत हवंच. मात्रा डॉक्टरच वाढवणार, डॉक्टरच कमी करणार. एकदम बंद करायची नाही. दारू किंवा मनाने घेतलेली झोपेची गोळी तिच्याबरोबर चालत नाही. रोगी हाक मारूनही उठेना, श्वास मंद झाला, तर तडक दवाखाना. आणि डबा कुलपात. एकाची गोळी दुसऱ्याला, कंबर दुखते म्हणूनसुद्धा, द्यायची नाही.

आम्ही ताईंकडे परत गेलो, चुकलो म्हणालो. सुनेने कॅलेंडरवर वेळा लिहिल्या. पुढच्या महिन्यात ताई बैठकीला आल्या, भिंतीला टेकून बसल्या आणि हप्ता स्वतःच्या हाताने भरून गेल्या.