अवतरणचिन्हे : इंग्रजी आणि मराठी

बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे दिले आहेत, हे दाखवणारी विरामचिन्हे. मराठीत ती इंग्रजीच्या अनुकरणाने आली. त्यापूर्वी मोडी लिपीत तर शब्दही सलग लिहिले जात. तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्रा’त संवादांची रेलचेल आहे, पण ती सारी ‘म्हणितलें’सारख्या क्रियापदांच्या आधारावर. मेजर टॉमस कँडी यांनी ‘विरामचिन्हांची परिभाषा’ (१८५०) लिहून ही चिन्हे मराठीत रुजवली.

इंग्रजीत ‘तो म्हणाला’ यापुढे स्वल्पविराम येतो आणि उद्धृत वाक्य पूर्ण असेल तर त्याचे पहिले अक्षर मोठे लिहितात. वाक्य मध्येच तोडून बोलणाऱ्याचा उल्लेख केला, तर उरलेला भाग लहान अक्षराने सुरू होतो. केवळ तुकडा उद्धृत केला तरी मोठे अक्षर नको. अमेरिकी छपाईत पूर्णविराम व स्वल्पविराम चिन्हाच्या आत घालतात. ब्रिटिश पद्धतीत सहसा ते मूळ बोलण्याचा भाग असतील तरच, आणि तर्काला हेच अधिक पटते.

देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नसल्याने मराठीत हा प्रश्नच उद्भवत नाही. खरी अडचण निराळीच आहे. उदाहरणार्थ, “मी दिवा स्थानकावर उतरतो,” असे तो म्हणाला. किंवा, तो म्हणाला की मी दिवा स्थानकावर उतरतो. दुसऱ्या वाक्यात अवतरणचिन्हे गेली, तरी ‘मी’ आणि वर्तमानकाळ कायम राहिले. इंग्रजीत अशा वेळी ‘मी’चा ‘तो’ होतो आणि काळही बहुधा मागे सरकतो. मराठी माध्यमाच्या मुलांची इंग्रजी व्याकरणात गडबड होते ती अनेकदा इथेच.