रोख्यामागचा हिशेब

१२ मे १८७५, बुधवार. पुणे जिल्ह्यातल्या भीमथडी तालुक्यातलं सुपे हे त्या टापूतलं पेठेचं गाव, एकेकाळचं शहाजीराजांच्या जहागिरीतलं. त्या दिवशी आसपासच्या खेड्यांतले शेतकरी सुप्यात जमले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. धान्य लुटलं गेलं, काही घरांना आगी लागल्या. पण जमावाची नजर होती ती वह्यांवर आणि कर्जरोख्यांवर. कागद हाती आले की ते बाहेर आणून जाळायचे.

सुप्याची ठिणगी नगर जिल्ह्यापर्यंत गेली. तीसहून अधिक गावांत हेच घडलं. सरकारने ९५१ जणांना पकडलं, ५०१ जणांना शिक्षा झाल्या. पुढे नेमलेल्या चौकशी आयोगाने एक गोष्ट आवर्जून नोंदवली. जिथे सावकाराने रोखे मुकाट्याने काढून दिले, तिथे बहुतेक ठिकाणी जमावाने पुढे काहीच केलं नाही. सावकाराच्या अंगाला फारसा कोणी हात लावला नाही.

एवढा संतापलेला माणूस कागद मिळताच माघारी का फिरतो? त्यासाठी तो कागद कसा तयार होत होता, हे पाहायला हवं.

रयतवारीची पहिली नीट बसवलेली आकारणी इंदापूर तालुक्यात १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी केली. मुदत तीस वर्षांची. सारा रोखीत आणि ठरल्या तारखेला. पाऊस पडो न पडो, हप्ता चुकायचा नाही. भीमा-नीरेच्या कोरड्या पट्ट्यात पिकाचा भरवसा नव्हता, म्हणून सारा भरायला सावकार आणि पोट भरायलाही सावकारच. मग १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. दख्खनमधलं कापसाचं क्षेत्र १८६० ते १८६४ या काळात दुप्पट झालं. मुंबईच्या निर्यातदारांकडून सुटलेला पैसा तालुक्याच्या सावकारांमार्फत बांधापर्यंत आला. कापसाच्या एकरामागे शंभर रुपये उचल मिळू लागली. १८६५ मध्ये अमेरिकेतली लढाई संपली आणि भाव कोसळले. मुंबईने हात आखडला, सावकारानेही आखडला. नेमक्या त्याच सुमारास तीस वर्षांची मुदत संपून नवी आकारणी आली. कित्येक गावांत सारा पन्नास ते शंभर टक्के वाढला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या वाढीविरुद्ध आवाज उठवला होता.

आता कागदाकडे वळू. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने ठरवलं की रोख्यावरची फिर्याद तीन वर्षांच्या आत करायची. हेतू चांगला होता, व्याज वर्षानुवर्षं साचू नये. पण सावकाराने त्यातून दुसरीच वाट काढली. तीन वर्षं भरत आली की तो कुळाला बोलावायचा, मुद्दल आणि थकलेलं व्याज एकत्र करायचा आणि त्या बेरजेचा नवा रोखा लिहून घ्यायचा. व्याजाचं मुद्दल झालं. उदाहरणादाखल हिशेब करून पाहावा. शंभर रुपये, दरमहा दर शेकडा दोन रुपये व्याज. तीन वर्षांनी १७२. नवा रोखा, आणखी तीन वर्षं, २९६. तिसरा रोखा पुरा होईतो ५०९. एवढ्या काळात कुळाच्या हातात नवा पैसाही पडलेला नाही. शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावल्याचं एक प्रकरण चौकशी आयोगासमोर आलं होतं. हिंदू धर्मशास्त्रातला दामदुपटीचा जुना दंडक सांगतो की व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये. तो दंडक खेड्यात सगळ्यांना ठाऊक होता, म्हणून हा प्रकार रयतेला नुसता जाचक नव्हे, अधर्माचा वाटला.

कर्जत तालुक्यातल्या मिरजगावच्या रयतेने नगरच्या कलेक्टराला दिलेल्या अर्जात गाऱ्हाणं अगदी तपशिलाने मांडलं आहे. सावकार कापड आणि धान्य बाजारभावापेक्षा पंचवीस-पन्नास टक्के चढ्या दराने देतो, त्यावर जाचक अटींचे रोखे लिहून घेतो, शेतातला माल उचलून नेतो आणि जमा केल्याची पावती मात्र देत नाही. या अर्जातला मुख्य मुद्दा पावतीचा आहे. कुळाने किती भरलं याची नोंद एकाच बाजूच्या वहीत, आणि ती वही वाचता येणारा माणूसही त्याच बाजूचा.

कोर्टात तर रोखा हाच पुरावा. अंगठा उठला की विषय संपला. मुन्सफ फार तर सही कबूल आहे का, एवढंच विचारायचा. बहुतेक कुळं तारखेला हजरच राहत नसत आणि एकतर्फी हुकूमनामे होत. मग जप्ती, लिलाव, प्रसंगी दिवाणी तुरुंग. शिरूर तालुक्यातल्या करडे गावी १८७४ च्या अखेरीस एका देशमुखाचं घर असंच हुकूमनाम्यावर सावकाराच्या हाती गेलं. घरच्यांनी भाडं देऊन राहण्याची तयारी दाखवली, तरी सावकाराने घर पाडायला घेतलं. गाव बिथरलं. सावकाराच्या शेतात कोणी राबेना, न्हावी हजामत करेना, पाणीही कोणी भरेना. सुप्याच्या आधीचा हा बहिष्कार फार शिस्तीचा होता.

चौकशी आयोगाने दोष सावकारावर ठेवला आणि वाढीव साऱ्याला जबाबदारीतून मोकळं केलं. हा निष्कर्ष अर्धाच खरा आहे. हप्त्याच्या तारखेला रोकड मागणारं सरकार नसतं, तर कुळ त्याच दारात दरसाल गेलं नसतं. पण रोख्याचं निदान मात्र आयोगाने बिनचूक केलं, आणि त्यातून १८७९ चा कायदा जन्माला आला. दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा हा कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला.

त्या काळाच्या मानाने हा कायदा धाडसी होता. न्यायाधीशाने कागदावरच्या आकड्याशी थांबायचं नाही. त्या रोख्याच्या मागे जायचं, अगदी पहिल्या देवघेवीपर्यंत, आणि तिथून हिशेब नव्याने मांडायचा. मुद्दलाचं खातं वेगळं, व्याजाचं वेगळं. प्रतिवादी शेतकऱ्याची जबानी घ्यायची. देणं ठरलं की ऐपत पाहून हप्ते बांधून द्यायचे. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही, आणि रीतसर गहाण लिहून दिलेली नसेल तर त्याची जमीन विकायची नाही. फिर्यादीआधी तडजोड करून देणारे पंच नेमले. शेतकऱ्याने लिहून द्यायचे दस्त गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहिले जाऊ लागले. कुळाला पावती, वर्षाचा उतारा आणि खातेपुस्तक मागण्याचा हक्क मिळाला. एवढंच नव्हे, तर कुळ आपण होऊन सावकारावर हिशेबाची फिर्याद करू शकत होतं. मिरजगावच्या अर्जातलं मागणं अखेर कायद्यात उतरलं.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे या कायद्याच्या अंमलबजावणीत अनेक वर्षं होते, पुढे त्याखालचे विशेष न्यायाधीशही झाले. तालुक्यातालुक्यांतली दुय्यम कोर्टं तपासत फिरताना त्यांना कायद्याची ताकद दिसली, तशीच मर्यादाही. हप्ते बांधून मिळाले खरे, पण पेरणीच्या वेळी बी-बियाण्याचे पैसे कुठून आणायचे? जुनं कर्ज फिटायला नव्या, स्वस्त कर्जाची सोय लागते. पुण्याचे जिल्हा न्यायाधीश सर विल्यम वेडरबर्न यांच्या पुढाकाराने आणि रानड्यांच्या साथीने पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना आखली गेली ती याच जाणिवेतून. तालुक्यातल्या शेतकऱ्यांची जुनी कर्जं आधी तपासून तडजोडीने ठरवायची, सरकारी उचलीतून ती चुकती करायची, आणि मग पुण्यातल्या भांडवलदारांच्या बँकेने माफक व्याजाने पुढचं कर्ज द्यायचं. हिंदुस्थान सरकारला योजना पटली होती. लंडनमधल्या भारतमंत्र्यांच्या कचेरीने ती फेटाळली. या प्रदेशाच्या अर्थकारणात इतकी मोलाची संधी क्वचितच अशी वाया गेली असेल. सरकारी तगाईचे कायदे १८८३ आणि १८८४ मध्ये आले, पण विहिरी-ताली आणि बी-बैलांसाठी. सावकाराचं देणं फेडायला त्यात पैसा नव्हता.

दरम्यान सावकारांनी कायद्याला वळसा शोधला. गहाणखताच्या मागे कोर्ट जातं ना, मग गहाणखत नकोच. सरळ खरेदीखत. पैसे परत आले की जमीन परत, हा करार नुसता तोंडी. कागदावर कर्जाचा मागमूस नाही, त्यामुळे हिशेब मांडायचा कशाचा? या युक्तीने कितीतरी जमिनी गेल्या, आणि कायद्यात दुरुस्ती करून अशा खतांमागचा खरा व्यवहार तपासायची मुभा कोर्टांना द्यावी लागली.

पुरंदरची कल्पना दुसऱ्या रूपात परतली. १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा, १९११ मध्ये विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली मुंबईची मध्यवर्ती सहकारी बँक, नीरेच्या कालव्यावर ऊस करणाऱ्यांच्या पतसंस्था. नगर जिल्ह्यातल्या लोणीत विठ्ठलराव विखे पाटलांनी १९२३ मध्ये गावकऱ्यांची पतपेढी काढली. प्रवरेचा साखर कारखाना त्यानंतर पाव शतकाने. तरीही वाट लांब होती. १९५१-५२ च्या देशव्यापी ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकाराचा वाटा ३.१ टक्के निघाला, आणि सावकारांचा सुमारे सत्तर टक्के. त्या पाहणीच्या समितीत धनंजयराव गाडगीळ होते. प्रवरेच्या कारखान्याच्या उभारणीत विखे पाटलांबरोबर झटलेले तेच गाडगीळ.

महाराष्ट्राचा सावकारी नियमनाचा आजचा कायदा २०१४ चा आहे. दामदुपटीचा दंडक त्यातही आहे. अवैध सावकारीची तक्रार आली की जिल्हा उपनिबंधकाच्या कार्यालयात चौकशी लागते. समोर बहुधा नोंदणी झालेलं, शिक्क्यांचं, दोन साक्षीदारांचं खरेदीखत असतं. अर्जदार सांगतो की आपण जमीन विकलीच नव्हती, पैसे व्याजाने घेतले होते. अधिकाऱ्याला खत बाजूला ठेवून मागची देवघेव तपासावी लागते, आणि व्यवहार सावकारीचा ठरला तर ते खत रद्द करून जमीन मूळ मालकाला परत द्यायचा अधिकार त्याला आहे.