धुळाक्षरांचा प्रवास

रेल्वे येण्यापूर्वीं मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी मचव्यानें पनवेलचें बंदर गांठी व तेथून बोरघाटाची वाट धरी. मुंबईची नवी विद्या देशावर नेणाऱ्यांचीही वाट हीच. ह्या विद्येची शिकविण्याची पद्धति इंग्रजांची म्हणून ओळखली गेली. वस्तुतः ती घरचीच होती.

१८२२ सालीं मुंबईंत एतद्देशीयांसाठीं शाळा व शालेय पुस्तकें काढणारी मंडळी स्थापन झाली. 'बाळमित्र'कार सदाशिव काशिनाथ छत्रे तिचे एतद्देशीय चिटणीस होते. मंडळीनें लँकास्टर साहेबांची पद्धति स्वीकारली : शिक्षकानें थोरल्या मुलांस शिकवावें, व त्यांनीं धाकट्यांस.

परंतु लँकास्टरच्याही आधीं, १७८९ पासून, डॉ. अँड्र्यू बेल मद्रासेच्या एग्मोर येथील अनाथालयांत काम पाहत होते. तेथील देशी शाळेंतील मुलें वाळूंत बोटानें अक्षरें काढतात, हें पाहून त्यांनीं जॉन फ्रिस्किन नांवाच्या आठ वर्षांच्या मुलाकडे अक्षरओळखीचा वर्ग सोंपविला. १७९७ त त्यांनीं लंडनांत हा प्रयोग छापला, तो 'मद्रास पद्धति' म्हणून गाजला. १८१४ च्या खलित्यांत कंपनीच्या संचालकांनींही हिचें मूळ हिंदुस्थानांतील असल्याचें मान्य केलें.

आमच्या पंतोजींच्या शाळेंतही धूळपाटी होतीच. फळीवर बारीक धूळ पसरावी, थोरल्यानें धाकट्याचा हात धरून अक्षर गिरवावें. चुकलें तर हात फिरवितांच चूक नाहींशी! संध्याकाळीं परवचा होई, तेव्हां एकानें सांगावें व इतरांनीं म्हणावें. शिकवितां शिकवितां सांगणाऱ्याचाही धडा पक्का होई.

ह्या पद्धतींत दोषही होता. विलायतेंत एका शिक्षकावर शेंकडों मुलें सोंपवून खर्च वांचविण्यांत आला. मुलें यंत्राचीं चाकें बनलीं, आणि अर्धवट ज्ञान पुढें सरकूं लागलें. म्हणून १८४६ त तेथें वेतन घेऊन शिकणाऱ्या उमेदवार शिक्षकांची योजना निघाली. सोबती हा गुरूचा साह्यकारी आहे. गुरूच्या जागीं तो चालत नाहीं.

आज पनवेल महानगर झालें आहे आणि पाटीची जागा कांचेच्या पडद्यानें घेतली आहे. एका पडद्याभोंवतीं चार मुलें बसलीं, तर एकाची चूक दुसरा दाखवितो व तिसरा सुधारतो. प्रत्येकाचा पडदा वेगळा होऊन माना खालीं गेल्या, कीं हा व्यवहार थांबतो. धूळपाटी कवडीमोलाची होती. पण तिच्याभोंवतीं दोन डोकीं एकत्र येत. नवें साधन निवडतांना हीच कसोटी लावावी.