परभणी ते मुंबई, मुंबई ते लंडन

भूगोलाच्या तासाला मी मुलांकडून एक गंमत करून घेत असे. पृथ्वीगोलावर दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरायचं आणि दुसरं लंडनवर ताणायचं. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ इराक-तुर्कस्तानातून जाते. दोरा मात्र वर सरकून कॅस्पियन समुद्रावरून जातो. मुलं चक्रावत. पण गोलावरची सर्वांत जवळची वाट तीच, सुमारे ७२०० किलोमीटर.

ही वाट आपल्या लोकांसाठी उघडली ८ जून १९४८ रोजी. एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून निघालं. प्रवासी ३५, त्यांत खुद्द जे. आर. डी. टाटा. एका दमात लंडन गाठण्याची त्या विमानाची ताकद नव्हती, म्हणून कैरो आणि जिनिव्हाला थांबत ते १० तारखेला सकाळी पोचलं. बोटीने सुएझमार्गे याच प्रवासाला जवळपास तीन आठवडे लागत! १९६० साली जेट विमानं आली आणि दिवसांचे तास झाले.

गंमत पाहा, त्या जूनमध्ये आमची परभणी भारतात नव्हतीच. निजामाचं राज्य, रझाकारांची दहशत. मुक्ती मिळाली १७ सप्टेंबरला. वडील सांगायचे, तेव्हा लोकांना लंडन राहू द्या, निजामाची हद्द ओलांडून पलीकडच्या गावी पोचणं हाच मोठा प्रवास होता.

पुढेही कितीतरी वर्षं आमच्या नशिबी मीटरगेजच. मनमाडला मध्यरात्री ट्रंक डोक्यावर घेऊन मोठ्या गाडीकडे धावायचं. (त्या फलाटावरची थंडी अजून आठवते.) रुंद रूळ मिळावेत म्हणून मराठवाड्यात आंदोलनं झाली, आणि ते आले १९९०च्या दशकात. आता मुंबईला गाडी बदलावी लागत नाही. पण साडेपाचशे किलोमीटरला अजून दहा-अकरा तास लागतात. मुंबई-लंडनलाही साधारण तेवढेच. तिकडून येताना वारा पाठीशी असतो, म्हणून थोडे कमीच.

हा हिशेब मी सहज म्हणून केलेला नाही. सौ. गेली त्या रात्री मुलीला लंडनला फोन केला. ती मिळेल त्या विमानाने निघाली, नऊ तासांत मुंबईत उतरली. नांदेडला २००८ साली मोठा विमानतळ झालाय, पण तिथली विमानं कधी चालू, कधी बंद; तिच्या वेळेला नव्हतं. मग रात्रीची रेल्वे. उन्हाळ्याचे दिवस. वडीलधारी मंडळी म्हणाली, गुरुजी, आता थांबवत नाही. मी मान हलवली.

सकाळी स्टेशनवर तिला घ्यायला मीच गेलो. रिक्षात बसेपर्यंत ती काही बोलली नाही. मग विचारलं, "बाबा, किती वाजता नेलं?"

मी वेळ सांगितली. तिने बोटांवर मोजलं. तेव्हा ती मुंबईत उतरली होती.