‘होंडो’ : एका स्वस्त कादंबरीच्या मूळ संहितेचा प्रश्न

प्राचीन ग्रंथांच्या पाठचिकित्सेत अनेक पोथ्या ताडून मूळ संहिता निश्चित करावी लागते. छापील ग्रंथाच्या बाबतीत मात्र एवढ्या खटाटोपाचे कारण नाही, पहिली आवृत्ती हाती आली की मूळ हाती आले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत कितपत टिकते हे पाहण्यासाठी लुई लामूर ह्या अमेरिकन लेखकाच्या ‘होंडो’ (१९५३) ह्या कादंबरीचे उदाहरण उपयुक्त ठरेल. ही ‘वेस्टर्न’ ह्या लोकप्रिय कथाप्रकारातील, २५ सेंट किमतीची, कागदी बांधणीची कादंबरी होय. तिची त्या वेळची प्रत आज संग्राहक जपून ठेवतात.

लामूर (१९०८–१९८८) ह्यांची लेखणी ‘पल्प’ मासिकांत घडली. लाकडाच्या लगद्याच्या हलक्या कागदावर छापली जात म्हणून ह्या मासिकांस हे नाव पडले. त्यांत ते जिम मेयो ह्या टोपणनावानेही लिहीत. ‘होंडो’ ही त्यांची पहिली कादंबरी असे पुष्कळदा म्हटले जाते. परंतु ‘वेस्टवर्ड द टाइड’ ही त्यांची कादंबरी १९५० सालीच इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली होती.

‘होंडो’चे बीज ‘द गिफ्ट ऑफ कोचीस’ ह्या लघुकथेत आहे. ती ५ जुलै १९५२ च्या ‘कॉलियर्स’ ह्या प्रतिष्ठित साप्ताहिकात आली. जॉन वेन व रॉबर्ट फेलोज ह्यांच्या चित्रपटसंस्थेने तिचे हक्क घेतले आणि जेम्स एडवर्ड ग्रँट ह्यांनी पटकथा लिहिली. पटकथेवरून कादंबरी लिहिण्याचा हक्क लामूर ह्यांनी स्वतःकडे राखला होता. ती कादंबरी १९५३ च्या नोव्हेंबरात चित्रपटाबरोबरच बाजारात आली. म्हणजे लेखकाची कथा दुसऱ्याच्या हातून पटकथा झाली, आणि ती पुन्हा त्याच लेखकाच्या हातून कादंबरी झाली.

ह्या प्रवासात कथेचा नैतिक गाभाच पालटला. लघुकथेत नायक चेस लेन ह्याच्या बाजूने लढताना एड लो मारला जातो. त्या ऋणाच्या जाणिवेने नायक त्याच्या पत्नीच्या, अँजीच्या, शोधार्थ निघतो. कादंबरीत नायकाचे नाव होंडो लेन आहे, आणि अँजीच्या नवऱ्याचा मृत्यू त्याच्याच हातून, स्वसंरक्षणार्थ का होईना, घडतो. ऋणको होता तो मारेकरी झाला. अपाचे प्रमुख कोचीस ह्याची जागा विट्टोरोने घेतली. शीर्षक बदलले, नायकाचे नावही बदलले. त्यामुळे केवळ शीर्षकावरून सूचीत शोध घेणाऱ्यास ह्या दोन संहितांचे नाते कळणार नाही.

प्रकाशनाची बाजूही तितकीच बोधप्रद आहे. फॉसेट ही संस्था दुसऱ्या एका प्रकाशकाच्या ‘सिग्नेट’ व ‘मेंटर’ ह्या मालांचे वितरण करीत असे. त्या कराराने तिला पुनर्मुद्रणाच्या व्यवसायात उतरण्यास मनाई होती. नव्या लेखनाविषयी करार मौन बाळगून होता. ह्या फटीतून १९५० च्या सुमारास ‘गोल्ड मेडल’ ही माला निघाली आणि कागदी बांधणीतील पुस्तकास प्रथमप्रकाशनाचा मान लाभला. मानधनही विकलेल्या नव्हे, तर छापलेल्या प्रतींवर दिले जाई. ‘होंडो’ हे ह्याच मालेचे ३४७ वे पुष्प.

मूळ कोणते हा प्रश्न त्याच काळात प्रत्यक्ष उभा राहिला. १९५४ च्या अकादमी पुरस्कारांसाठी लामूर ह्यांचे नाव चित्रपटासाठी लिहिलेल्या स्वतंत्र कथेच्या विभागात सुचविले गेले. कथा आधीच साप्ताहिकात छापली असल्याने ती ह्या विभागात बसते काय, अशी शंका खुद्द लेखकाने व निर्मात्याने उपस्थित केली, आणि ते नामनिर्देशन मागे घेण्यात आले.

संग्राहक ज्या क्रमांक ३४७ च्या मागे असतो ती प्रत पुस्तकरूपातील पहिली खरी. पण कथेच्या परंपरेत तिचे स्थान तिसरे आहे. म्हणून संग्राहकाची कसोटी टाकाऊ ठरते असे नाही. मुखपृष्ठावर छापलेली जॉन वेन ह्यांची प्रशस्ती, किंमत आणि मालेचा क्रमांक हे सारे चित्रपट व पुस्तक ह्यांच्या संयुक्त व्यापाराचे पुरावे आहेत. पुढे पुस्तक बॅन्टमच्या मालेत गेले. अशा पुनर्मुद्रणात संहिता टिकते, हे पुरावे टिकतीलच असे नाही. शिवाय अशा कागदातील आम्लामुळे पाने पिवळी पडतात, ठिसूळ होतात, आणि डिंकाने चिकटविलेली पाठ सुटते. वाचून टाकून देण्यासाठीच निघालेली ही पुस्तके आरंभी बहुतांशी खाजगी संग्रहांमुळे वाचली. ओहायोतील बोलिंग ग्रीन विद्यापीठाने लोकप्रिय संस्कृतीचे स्वतंत्र ग्रंथालय उघडले ते १९६९ साली.

तेव्हा ‘होंडो’च्या अभ्यासकाने साप्ताहिकाचा अंक, चित्रपट आणि गोल्ड मेडलची प्रत ही तीनही साधने शेजारी ठेवली पाहिजेत. त्यांपैकी एकच हाती असेल, तर ऋणको मारेकरी कसा झाला हा प्रश्नच त्याला पडणार नाही.